बारीक दातांचं पातं

बाभळीचं लाकूड उभं चिरायचं असेल तर चक्रीला, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या गोल करवतीला, मोठ्या दातांचं पातं घ्यावं. दात थोडे असावेत, दोन दातांमधली खाच बोट बसेल एवढी खोल असावी आणि दातांना डावी-उजवीकडं वाक जरा जास्तच दिलेला असावा. लाकूड आडवं कापायचं असेल तर बारीक दात चालतात. उभ्या कापात भुसा लांब, दोऱ्यासारखा निघतो. त्याला बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर तो खाचेत कोंबला जातो, पातं तापतं, तापलं की नागमोडी चालतं आणि लाकूड जाळतं. एवढं सगळं मला आज पाठ आहे. ज्या दिवशी माहीत असायला पाहिजे होतं त्या दिवशी नव्हतं. ज्याला माहीत होतं तो माणूस माझ्या शेजारी उभा होता, आणि मी त्याला गप्प बसवलं.

आमचं सुताराचं घर. गाव इंदापूर तालुक्यातलं, निमगाव केतकीहून वरकुट्याच्या अंगाला. माझ्या वडलांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायचो. नांगर, कुळव, पाभर, दारांच्या चौकटी, सगळंच ते करायचे, पण त्यांचं नाव होतं गाडीच्या चाकासाठी. आबांचं चाक बोलत नाही, असं लोक म्हणायचे. म्हणजे कुरकुरत नाही. रस्त्यानं गाडी चालली आणि नुसता बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तर ती आबांच्या चाकाची गाडी, असं लांबून ओळखू यायचं.

त्या घरातला मी पहिला शिकलेला. नुसता शिकलेला नव्हे, पुण्याला वसतिगृहात राहून बी.ए. झालेला. मी उगाच नम्रपणा दाखवणारा माणूस नाही. मला त्याचा तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे. निकाल कळला तेव्हा गावानं मारुतीच्या पारावर बोलावून मला नारळ दिला, फेटा बांधला. आबा मागं उभे होते, लोकांच्या डोक्यांवरून बघत. लहानपणापासून त्यांनी मला वाकसाला, लाकूड तासायच्या हत्याराला, हात लावू दिला नव्हता. "हात पुस्तकाला राहू दे," म्हणायचे. त्यामुळं सुताराचा मुलगा असून मला खिळा सरळ ठोकता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला अभिमानच होता.

कॉलेजात कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी सांगायचो, आमचा लाकडाचा व्यवसाय आहे. हे खोटं नव्हतं. ऐकणाऱ्याला जे समजायचं ते खरं नव्हतं, एवढंच.

पन्नास सालानंतरची सहा-सात वर्षं गेली असतील. मी नोकरीचे अर्ज टाकून गावी येऊन बसलो होतो. आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहत होता, आणि ज्यांच्याकडं विहिरीचं नाहीतर कालव्याचं पाणी होतं त्यांनी सगळ्यांनी ऊस लावला होता. ऊस वाहायचा तर गाडी पाहिजे, आणि कारखान्यापर्यंत भरलेली गाडी जायची तर चाकं मजबूत पाहिजेत. गावातले सहा बागाईतदार एक दिवस आमच्या अंगणात आले. त्यांच्यात पुढं होते तात्या, आबांच्या बरोबरीचे, चेष्टेखोर, विहिरीवर ऑइल इंजिन बसवणारे गावातले पहिले. पहिला गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत सहा गाड्यांची नवी चाकं पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. आबांनी होकार दिला. सुतारानं होकार दिला म्हणजे लेखी करार झाल्यासारखाच असतो. न जमलं तर लोक बारामतीच्या कारखानदार मिस्त्रींकडं जाणार, आणि एकदा गेले की परत येत नाहीत, हे आबांना माहीत होतं. ते मला त्यांनी त्या संध्याकाळी बोलूनही दाखवलं.

लाकूड तयार होतं. तीन वर्षं आधी तोडलेली बाभूळ आबांनी ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवली होती, मग काढून गोठ्याच्या सावलीला वाळवली होती. असं लाकूड मागितलं म्हणून मिळत नाही. ते सांभाळावं लागतं. अडचण एवढीच होती की सहा गाड्यांचे आरे, म्हणजे चाकाच्या काड्या, आणि पुठ्ठे, म्हणजे कडेचे वाकडे तुकडे, हातकरवतीनं चिरायला तेवढे दिवस नव्हते. म्हणून आबांनी धाडस केलं. बारामतीत एक लाकडाची वखार बंद पडली होती, तिथली जुनी चक्री त्यांनी आणली. लोखंडी मेज, मधोमध फट, फटीतून अर्धं वर आलेलं गोल पातं. खालून पट्टा तात्यांच्या इंजिनाला जोडायचा; ते त्यांनी कामापुरतं आमच्या अंगणात आणून ठेवलं होतं. चक्री ठणठणीत होती, पातं मात्र झिजून गेलं होतं. तात्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "आबा, या म्हातारीच्या निस्त्या हिरड्या राहिल्यात की. हिला बाभळ चघळाय लावता व्हय?"

म्हणून नवं पातं आणायला आबा आणि मी बारामतीला निघालो. मी बरोबर जाण्याचं कारण असं की दुकानात सगळं इंग्रजीत लिहिलेलं असतं असं आबांनी ऐकलं होतं. धुतलेलं धोतर, नवं मुंडासं आणि हातात फडक्यात बांधलेला बाभळीचा एक तुकडा. तो कशाला, असं मी विचारलं. "पात्याला दावाय नको व्हय, काय खायचं हाय त्ये," आबा म्हणाले. निमगाव केतकीला एस.टी.त बसलो तेव्हा ते गाठोडं त्यांनी मांडीवर घेतलं होतं, आणि शेजारच्या बाईनं त्यात काय आहे विचारल्यावर ते तिला बाभळीबद्दल सांगत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होतो.

बारामतीत लोखंडी सामानाचं मोठं दुकान होतं. आम्ही आत शिरलो तर गल्ल्याच्या मागं माझा कॉलेजातला मित्र. कोऱ्हाळे बुद्रुकचा, कालव्याखालच्या चांगल्या बागाईतदाराचा मुलगा. दुकान त्याच्या चुलत्याचं होतं आणि तो दोन महिने तिथं बसत होता. त्यानं उठून माझा हात धरला, चहा सांगितला, पुण्याच्या चार आठवणी काढल्या. तेवढ्यात आबांनी वहाणा दाराशी काढल्या, आत येऊन उंबऱ्याजवळ उकिडवे बसले आणि फडक्याची गाठ सोडायला लागले.

मित्रानं त्यांच्याकडं बघितलं आणि मला म्हणाला, "मिस्त्री बरोबर आणलास ते बरं केलंस. पातं घ्यायचं तर माणूस कामातला पाहिजे."

मी म्हणालो, "हो."

एवढंच. मी काही रचून सांगितलं नाही, मुद्दाम खोटं बोललो नाही. त्याच्या तोंडून आलेलं मी फक्त खरं धरू दिलं. पुढं कित्येक वर्षं मी मनाशी असंच म्हणत आलो. पण आबा चार हातांवर होते, आणि दुकानात तेव्हा दुसरा आवाज नव्हता.

त्यांनी मान वर केली नाही. गाठ सुटली, तुकडा बाहेर काढला, फडकं घडी करून खांद्यावर टाकलं आणि उठून गल्ल्याशी आले. मित्रानं दोन पाती काढून ठेवली. आबांनी पहिलं बोटावर लटकावून नखानं टिचकी मारली आणि आवाज संपेपर्यंत कान लावला. मग दुसरं. मित्राला गंमत वाटली. तो हसून माझ्याकडं बघायला लागला आणि मीही हसलो. पहिलं पातं मोठ्या दातांचं होतं, दिसायला रांगडं. दुसऱ्याचे दात बारीक आणि पुष्कळ, सगळं पातं आरशासारखं घासलेलं.

आबांनी मोठ्या दातांचं पातं माझ्यापुढं सरकवलं. "ह्ये घ्या, मालक. बाभळीला ह्येच चालंल."

मला मालक म्हणाले. घरात ते मला अरे-तुरे करायचे, आणि तिथं माझ्या 'हो'ला त्यांनी स्वतःच टेका लावला. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं.

मित्र म्हणाला, "तुमचे मिस्त्री जुन्या वळणाचे दिसतात. हे ओबडधोबड कामाचं पातं आहे. दुसरं बघ, कापलं की रंधा मारायला नको." त्यानं इंग्रजी माहितीपुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि मला वाचायला सांगितलं. दोघांच्या देखत मी मोठ्यानं वाचलं आणि मराठीत अर्थ सांगितला: बारीक दात, गुळगुळीत काप, उत्तम सफाई. त्याच ओळीत पुढं 'आडव्या कापासाठी' असंही होतं. तेही मी वाचलं. पण लाकूड उभं चिरणं आणि आडवं कापणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे सुताराच्या घरात जन्मून मला माहीत नव्हतं, आणि ज्याला विचारायचं त्याला विचारलं तर मी मालक कसला?

आबा पुन्हा म्हणाले, "मालक, ह्याला भुसा बाहीर पडाय जागा न्हाय. लाकूड चिवट हाय आपलं."

मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला विचारलं म्हणजे सांगा."

पुण्यात शिकलेल्या स्वच्छ मराठीत म्हणालो. आबा "जी" म्हणाले आणि मागं सरकले.

मग एक पंचाईत झाली. पैसे आबांच्या कनवटीला होते. मी हात खिशात घालून उभा. आबा भिंतीकडं तोंड करून वळले, कनवटीतून पुरचुंडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "मालक, तुमी माज्यापाशी ठेवाय दिल्यालं," म्हणाले. मित्राला काही शंका आली नाही. बारीक दातांचं पातं तरटात बांधून आम्ही बाहेर पडलो.

एस.टी.त मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. आबाच बोलले. कुणाचा ऊस कसा आलाय, कुठल्या मळ्यात पाणी कमी पडलंय, असं काहीबाही. उतरताना पातं त्यांनी डोक्यावर घेतलं. मी घेतो म्हणालो तर म्हणाले, "तुझी कापडं खराब हुतील." पुन्हा तू झालो होतो. मी ते माफी म्हणून धरलं आणि विषय संपला असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. आमच्याकडं अवसेला शेतकरी औत धरत नाही आणि सुतार लाकडाला करवत लावत नाही. हत्यारं पुसून ठेवायची, तेल लावायचं, बस्स. काम नाही म्हणून आबा बहिणीला भेटायला इंदापूरला गेले. जाताना सांगून गेले, उद्या नारळ फोडून पातं लावू.

मी घरात बसलो होतो आणि माझ्या डोक्यात बारामतीचं दुकान चाललं होतं. आबा पात्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते, त्यामुळं ते मनात काय म्हणत असतील ते मीच म्हणत होतो. मला वाटलं, ते यायच्या आत ढीगभर आरे चिरून, आरशासारखे गुळगुळीत करून रचून ठेवावेत. मग पातं बरोबर ठरेल. आणि पातं बरोबर ठरलं की दुकानात जे झालं तेही निम्मं पुसलं जाईल. असला हिशोब त्या वेळी मला शहाणपणाचा वाटला.

चिरलेलं लाकूड पलीकडून ओढून घ्यायला माणूस लागतो. मी आईला बोलावलं. ती म्हणाली, "आज अवस हाय. आन आबा येऊ द्यात की." मी तिला म्हणालो, अवसेला सूर्य उगवतो का नाही? इंजिनाला अवस-पुनव कळते का? वर हेही म्हणालो की तुला यातलं काय कळतं. ती पदर खोचून पलीकडं जाऊन उभी राहिली.

मी पातं चढवलं आणि इंजिन चालू केलं. सुरुवातीला चांगलं चाललं. वरचे ओंडके बारीक होते, चांगले सुकलेले. काप खरोखर गुळगुळीत निघाला. मी आईला हात फिरवून बघायला लावलं. मग ढिगातले जाड ओंडके आले आणि चार बोटं आत गेल्यावर पात्याचा आवाज बदलला. आधी करपल्याचा वास, मग धूर. काप पिवळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा काळा. आरा बाहेर आला तो एकीकडं जाड, एकीकडं बारीक. नवं पातं आहे, रुळेल, असं म्हणून मी दुसरा घातला. तिसरा घातला. मग मला वाटलं, वेग कमी पडतोय. चक्रीच्या दांड्यावर पट्ट्याचं लहान चाक चढवून मी पातं आणखी जोरात फिरवलं. त्यानं आणखी जाळलं. आई दोनदा म्हणाली, ऱ्हाऊ दे. थांबता आलं असतं. थांबलो असतो तर गोठ्यात निम्मं लाकूड शिल्लक राहिलं असतं. पण थांबणं म्हणजे आबांचं बरोबर होतं असं कबूल करणं, आणि ते कबूल केलं की 'विचारलं म्हणजे सांगा' या वाक्याचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. दुपार टळायच्या सुमारास पातं एका खाचेपासून मध्यापर्यंत तडकलं. केवढा आवाज झाला. आई मागं पडली. मी पट्टा काढून इंजिन बंद केलं तेव्हा गोठ्यात फक्त पुठ्ठ्यांचं थोडं लाकूड उरलं होतं.

दिवस कलता आबा आले. वास त्यांना वेशीतच आला असणार. अंगणात येऊन त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुज्या आईला लागलं न्हाय न्हवं?" नाही म्हटल्यावर वहाणा काढून ढिगापाशी बसले. एकेक आरा उचलून डोळ्याशी धरायचा, लांबीवर नजर टाकायची, आणि डाव्या नाहीतर उजव्या बाजूला ठेवायचा. मी उभा होतो. उजवीकडं दोन गाड्यांपुरतेच धड आरे जमले. डावीकडचा ढीग त्यांच्या खांद्याएवढा झाला. मी म्हणालो, आबा, इंजिन नीट चालत नव्हतं. त्यांनी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, ते कळलं नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आणि त्यांच्याबरोबर दोघे आले. डावीकडचा ढीग अंगणातच होता. तात्यांनी एक आरा उचलला, वास घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "का रं बीए, काल अवस हुती. सुताराच्या घरात अवसेला करवत चालली म्हणं. इंग्रजी पात्याला बी आमची अवस लागली व्हय?"

बरोबरचा एक जण हसला. दुसरा गंभीरपणे म्हणाला की अवस पाळली नाही म्हणजे असं व्हायचंच. आता बघा, आदल्या दिवशी आईला सूर्य-चंद्राच्या गोष्टी सांगणारा मी बी.ए. झालेला माणूस. मला ती अवस देवासारखी धावून आल्यासारखी वाटली. पातं नाही, मी नाही, अवस. मी म्हणालो, "तसंच काहीसं झालं असावं."

आबा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "अवसेचं काय न्हाय त्यात. पातं चुकलं. बारीक दाताचं आनलं. म्या पसंत केलं हुतं. माजी चूक."

आबा स्वतःहून चूक कबूल करतायत, तीही पात्याची, हे त्या तिघांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असेल. तात्या माझ्याकडं बघत राहिले. मी चक्रीच्या पट्ट्याकडं बघत राहिलो. पट्ट्याची शिवण कुठं उसवली आहे ते मला अजून आठवतं, इतका वेळ बघितलं. मग तात्यांनी आरा खाली ठेवला आणि विचारलं, "मग कितींचं हुईल, आबा?"

"दोगांचं," आबा म्हणाले. "बाकी चौगांनी माजी वाट बघू नगा."

चौघांपैकी तिघांनी बारामतीहून चाकं आणली. तात्या त्या तिघांत नव्हते, दोघांतही नव्हते. त्यांनी आपली पाळी दुसऱ्याला दिली आणि जुन्याच चाकांवर ऊस वाहायला सुरुवात केली. बारामतीला गेलेल्यांपैकी पुढं कुणी नव्या चाकासाठी आमच्या अंगणात आलं नाही. दुरुस्तीला आले. आबा दुरुस्ती करून देत, बारामतीच्या चाकाला नावं न ठेवता.

हंगाम सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मी तात्यांच्या मळ्यात गेलो. ते उसाला पाणी देत होते. बांधावर उभा राहून मी एका दमात सांगितलं, की तात्या, ते पातं आबांनी नाही, मी पसंत केलं होतं.

"ठावं हाय," तात्या म्हणाले आणि खोऱ्यानं दारं मोडून पाणी पुढच्या सरीत घेतलं.

आबांनी सांगितलं का, असं मी विचारलं.

"त्यो सांगंल व्हय? तीस वर्सं बघतोय मी त्येला. बाभळीला बारीक दात त्यो सपनात बी लावायचा न्हाय. आमा तिगांनाबी त्याच टायमाला कळलं हुतं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

तात्यांनी खोरं टेकवलं. "आमी थांबलो हुतो की. तुज्यासाठी थांबलो हुतो. म्हणलं, पोरगं आता बोलंल, मग बोलंल. गावानं फेटा बांधलाय त्येला, आपन कशाला तोंड घालायचं. तू पट्ट्याकडं बघत बसलास." मग पुन्हा खोरं उचलून म्हणाले, "मला कशाला सांगतोस? जा, बापाला सांग."

तात्यांना निम्मंच माहीत होतं. बारामतीच्या दुकानातलं त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

बापाला सांगायला मला आणखी चार दिवस लागले. आबा कुणाच्या तरी कुळवाचा दांडा तासत होते. मी समोर बसलो आणि म्हणालो, "आबा, बारामतीला मी तुम्हाला मिस्त्री म्हणू दिलं. माझे वडील आहेत असं सांगितलं नाही."

वाकस थांबला नाही. "मिस्त्रीच हाय मी," ते म्हणाले. "त्यात काय खोटं हाय? त्येचं मला काय वाटलं न्हाय." आणखी दोन-चार ढलप्या निघाल्या. मग त्यांनी दांडा उलटा केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पर मालक म्हणून बसलास, तर मिस्त्रीचं ऐकाय पायजे हुतं. पगारी मानूस ठेवला तरी मालक त्येचं ऐकतो. तू तेवडं बी धरलं न्हाईस मला."

मला वाटत होतं की माझा गुन्हा मला माहीत आहे. मी तो मोठ्या मानानं कबूल करायला आलो होतो, आणि माझा गुन्हा भलताच निघाला. नातं लपवलं हे मला मोठं वाटत होतं. त्यांना त्यांचं ज्ञान कुणी विचारलं नाही हे मोठं वाटत होतं, आणि ते मला सुचलंसुद्धा नव्हतं.

हंगाम संपल्यावर तडकलेल्या पात्याच्या जागी दुसरं आणायला आम्ही दोघं पुन्हा बारामतीला गेलो. या खेपेला मी ठरवून गेलो होतो. मित्रासमोर स्वच्छ सांगायचं, चहा यायच्या आत सांगायचं. दुकानात शिरलो तर गल्ल्यामागं एक अनोळखी नोकर होता. मित्र नोकरीला मुंबईला गेल्याचं त्यानं सांगितलं. मी तसाच उभा राहिलो आणि आधी जुळवून आणलेलं वाक्य त्या नोकरालाच म्हणालो, "हे माझे वडील."

तो म्हणाला, "बरं. किती इंची पातं पाहिजे?"

आबा माझ्याकडं येड्याकडं बघावं तसं बघत होते. "त्येला काय करायचंय, मी तुजा कोन हाय त्ये?" ते म्हणाले. "बाभळीचं सांग की त्येला."

मी सांगितलं. बाभूळ आहे, उभी चिरायची आहे, मोठे दात पाहिजेत, खाच खोल पाहिजे. बोलता बोलता मी दोनदा आबांकडं बघितलं, बरोबर सांगतोय का ते बघायला. ते पाती बघत होते. कोऱ्हाळ्याच्या त्या मित्राला मी मुंबईच्या पत्त्यावर पत्र टाकीन म्हणत होतो. पत्ताही आणला होता. टाकलं नाही.